इदं म्हणजे हे

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची! दिवाळीची गर्दी अजून ओसरलेली नाही. आमच्या द्वारका चौकात रिक्षा अशी अडकली की रिक्षावाल्याने पाय वर घेऊन मोबाईलवर अर्धा पिक्चर बघून घेतला. मी म्हटलं, दादा, मी ध्यानाला चाललेय, माझी परीक्षा इथूनच सुरू करू नको. तर म्हणतो कसा, ध्यानाला एवढ्या लांब कशाला, इथेच डोळे मिटा, कोणी उठवायचं नाही. त्र्यंबकच्या बसमध्ये शेजारच्या आजींनी दर्शनाला का म्हणून विचारलं. विहारात चाललेय म्हटल्यावर त्यांनी तितक्याच मायेने अर्धा पेरू पुढे केला. त्र्यंबकच्या बऱ्याच अलीकडे उतरून ओढा ओलांडला आणि टेकडी चढले. गुडघ्याने रस्ताभर शिव्या घातल्या.

केंद्र म्हणजे फार मोठं काही नाही. पत्र्याचं ध्यानदालन, बायकांच्या चार खोल्या, मागे स्वयंपाकघर, दारात पिंपळ. भन्ते पन्नाशीचे, हळू बोलणारे. ते बोलत असले की आपण उगाच ओरडत जगलो असं वाटतं. स्वयंपाकघर लताबाईंच्या ताब्यात. त्या कळवणकडच्या. मला बघून पहिलंच वाक्य, 'लय वाळल्या बाई तुम्ही, जेवत नाय का?' नवरा गेल्यापासून मला वाळलेली म्हणणारी ही पहिलीच बाई. बाकी सगळे धीराची म्हणतात.

का आले ते एकदा लिहून टाकते. गेल्या डिसेंबरात अश्विन गेला. सकाळी चहा पिऊन कामावर गेलेला माणूस दुपारी पांढऱ्या कापडात घरी आला. तेव्हापासून मी रडलेले नाही. रडू दाबते असंही नाही, येतच नाही. छातीत दगड बसलाय. वीजबिलाच्या काउंटरवर लोकांचं ऐकून ऐकून चामडी जाड झाली म्हणावं, तर ह्याच अश्विनला साधी शिंक आली तरी मी काढा उकळायला धावायचे. कॉलनीतल्या बायका कुजबुजतात, सविता दगड झाली. खरंच आहे त्यांचं.

पण पुढच्या महिन्यात आरोहीचं बाळंतपण आहे. पोरगी पहिलटकरीण, माहेरी आलीय. आमचे जावई सनी रजा टाकून तिच्याजवळ राहिलेत आणि त्या दोघांनीच मला इकडे पिटाळलं. उद्या बाळ हातात देतील आणि माझ्या आत काहीच हललं नाही तर? मला फक्त त्याची भीती वाटते. बाळ यायच्या आत मला माणसात यायचंय.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे घंटा, वंदना, मग बसायचं. श्वास येतो, श्वास जातो, बघत राहायचं. सोपं वाटतं ना? बसून बघा. नाकाला खाज, पाठीत उसण, आणि डोक्यात म्हणे गॅस बंद केला होता का. दुपारनंतर भन्त्यांनी श्वास सोडून अंगाकडे लक्ष न्यायला सांगितलं. डोक्यापासून पायापर्यंत कुठे काय जाणवतं ते नुसतं बघायचं. माझ्या डाव्या तळव्यात झिणझिण्या येत होत्या, मी तिथेच अडकून बसले.

जेवणात बाजरीची भाकरी, डाळ आणि लताबाईंचा मिरचीचा ठेचा. अगं आई गं! कानातून धूर निघाला. अश्विन असता तर त्याने स्वतःचा संपवून माझ्या ताटाकडे बघितलं असतं. लग्न झाल्यापासूनची त्याची खोड ती. आपलं संपलं की माझ्या ताटाकडे बोट करून म्हणणार, 'घेऊ का?' मी म्हणणार, 'घे की.' न विचारता कधी घेतलं नाही बिचाऱ्याने, आणि मीही कधी 'नाही' म्हटलं नाही.

संध्याकाळी जलदान. ते आपल्याला नवीन नाही, माणूस गेल्यावर घरोघर करतातच. तांब्यातलं पाणी वाडग्यात सोडायचं, धार मोडू द्यायची नाही आणि म्हणायचं, 'इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो.' आपलं पुण्य आपल्या गेलेल्यांना मिळो, ते सुखी होवोत. घरी एकदाच करतात, इथे रोज. प्रत्येकाने आपापल्या माणसासाठी. माझी पाळी आली, धार सोडली, गाथा म्हटली. खोटं कशाला लिहू, अश्विनची आठवणसुद्धा आली नाही. सगळं लक्ष त्या तळव्यातल्या झिणझिण्यांकडे. मग सगळे मिळून साधु, साधु, साधु. झालं.

६ नोव्हेंबर, बुधवार

डावा तळवा बधिर आहे. आधी वाटलं अंगाखाली आला असेल. पण दुपारी स्वयंपाकघरात मदत करताना चुलीवरचं पातेलं त्या हाताने धरलं आणि धरूनच उभी राहिले. लताबाई किंचाळल्या तेव्हा कळलं. फोड आलाय भला मोठा. दुखत नाही. लताबाईंनी कोरफड लावता लावता माझी बिनपाण्याने केली. बाई हाय का म्हस, म्हणाल्या. मी म्हटलं, म्हैस दूध तरी देते.

संध्याकाळच्या जलदानाच्या वेळी ठेचा जिभेवर रेंगाळत होता. तोंडात गाथा आणि मनात ठेचा. बुद्धा, माफ कर.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चव गेली. डाळ, भात, भाकरी, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. लताबाईंनी मुद्दाम चमचाभर ठेचा नुसता खायला लावला, मी बिस्किटासारखा खाल्ला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. घरी गेल्यावर शुगर तपासून घेईन. आमच्याकडे सगळ्यांना आहे, मलाच कशी सोडेल.

ध्यान मात्र छान लागतंय. आतून शांत वाटतं. गुडघा सोडला तर तक्रार नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

रविवारी कार्यालयातून घरी फोन करू देतात. आरोही खुशीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या सगळं ठीक. मग हसत हसत तिने सांगितलं की घरातला ठेच्याचा डबा रिकामा झाला. ती तिखट खात नाही, सनींना मूळव्याधीमुळे तिखट बंद आहे, म्हणजे चोरून खाल्ला त्यांनीच आणि कबूल करायला तयार नाहीत. त्या दोघांचं भांडण मी फोनवरच मिटवलं.

ठेवता ठेवता ती म्हणाली, मम्मी, सकाळी अर्धवट झोपेत होते, तुझा हात डोक्यावरून फिरला. अगदी तुझाच. तुझ्या डाव्या हाताची ती वाकडी करंगळी लागली ना केसांना. मी म्हटलं, आठवण येत असेल गं. ती म्हणाली, हो, पण करंगळी कशी लागेल?

माझी ती करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली. तशी दुसऱ्या कोणाची नाही घरात.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज भन्त्यांना गाठलं. गाथेतल्या 'इदं'चा अर्थ विचारला. इतकी वर्षं म्हणतेय, कधी विचारला नव्हता. पुण्यच असणार म्हणून गृहीत धरलं. भन्ते म्हणाले, गाथेत पुण्य हा शब्द कुठे आहे? 'इदं' म्हणजे हे. हे माझ्या नातलगांचं होवो, एवढंच.

मी म्हटलं, हे म्हणजे काय? तर म्हणाले, पाणी सोडताना मनात असेल ते. म्हणून मन स्वच्छ ठेवायचं. दिलेलं परत मागता येतं का म्हणून विचारलं तर जरा हसले. परत मागितलं तर ते दान कसलं, म्हणाले. आणि घेणाऱ्याला वाईट म्हणू नये, तो आपलं काही ओढून नेत नाही. दिलं तेवढंच घेतो.

मी माझ्या तळव्याकडे बघत बसले. फोड फुटलाय, कळलंही नव्हतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हे वेडेपण आहे. पण करून बघितलं. पाणी सोडताना गुडघ्याचं दुखणं मनात धरलं. फक्त दुखणं हं, गुडघा नाही! मी काउंटरवर आयुष्य काढलंय, कागदावर काय लिहून द्यायचं ते मला कळतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

टेकडी उतरले आणि चढले. गुडघा आहे की नाही ते समजेना! लताबाईंना नाचून दाखवलं. आता हसावं की घाबरावं? हसले. अश्विन, तुला खायला आवडायचं ना, घे, दुखणी खा. आज घसा दिला. रोज वंदना म्हणून खरखरत होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घशाची खरखर थांबली. आवाज मात्र सपाट झालाय. लताबाई म्हणतात, तुम्ही बोलता ते आगगाडीच्या स्टेशनावरच्या बाईसारखं वाटतं.

आज मोठं दिलं. छातीतला दगड. त्यासाठीच तर आले होते. दगड गेला की खालचं पाणी मोकळं होईल, मी रडेन, बाळ येईल तेव्हा मी मी असेन. धार सोडली आणि सगळा जीव त्या दगडावर ठेवला.

साधु, साधु, साधु. छाती हलकी झाली. फार हलकी.

१७ नोव्हेंबर, रविवार

फोन. आरोही रडत होती. घरात कोणीतरी चालतं म्हणाली, पाय ओढत. मम्मी, तू गुडघा दुखला की चालतेस ना, तसं. सनीने सगळं घर शोधलं. काल दुपारी स्वयंपाकघरातून रडणं ऐकू आलं, तुझ्या आवाजात. हुंदके देऊन देऊन. मी धावले तर ओट्याजवळ कोणी नाही. मम्मी, तू बरी आहेस ना? तू रडलीस का तिकडे?

मी ऐकत होते. माझी पोर, आठवा महिना, घाबरून रडतेय. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. काहीच वाटलं नाही. पूर्वी निदान वाटत नाही म्हणून वाईट वाटायचं. तेही नाही.

दगडाखाली पाणी नव्हतं. दगड होता तेच सगळं होतं. मी अश्विनसाठी, आरोहीसाठी जे काही दाबून ठेवलं होतं तेच दगडासारखं लागत होतं. ते मी देऊन टाकलं.

आता जलदान बंद. भन्त्यांना सांगितलं. ते म्हणाले, देणं थांबवणं आपल्या हातात असतं. घेणाऱ्याचं घेणं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बाळ झालं. दिवस भरायच्या आधीच. मुलगी. दोघी सुखरूप आहेत. घरून फोन आला होता, भन्त्यांनी निरोप सांगितला. लताबाई पदराने डोळे पुसत होत्या, माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू कोंबत होत्या. मी त्यांच्याकडे बघून रडताना तोंड कसं करायचं ते शिकले. बसमध्ये खिडकीच्या काचेत तेच करून बघितलं. जमतं थोडं.

२४ नोव्हेंबर, रविवार

घर. आरोही आणि बाळ आजच दवाखान्यातून आल्या.

बाळ माझ्या हातात दिलं. गोरं, सुरकुतलेलं, मुठी आवळलेलं. डाव्या तळव्याला ते आहे की नाही कळेना, म्हणून उजव्या हातावर घेतलं. आत काही हललं नाही. बाळ मात्र रडायला लागलं. आरोही म्हणाली, मम्मी, नीट धर ना. मी लाकडासारखी धरते म्हणे.

झोळीत टाकलं तरी रडत होतं. मग गप्प झालं. मी बघितलं. झोळीच्या कापडावर आतून पाच बोटं उमटत होती. थोपटत होती. करंगळी वाकडी.

२७ नोव्हेंबर, बुधवार

अश्विन वाईट नाही. हे लिहून ठेवते. त्याला माझ्याकडून जे मिळालं ते तो वापरतो. माझा हात आहे, हाताने थोपटतो. माझी माया आहे, मायेने रडतो. झोळीजवळ हुंदके ऐकू येतात, आनंदाचे. मी रडले असते तसेच. कॉलनीतल्या प्रतिभाताई बाळ बघायला आल्या होत्या. त्यांनी बाहेरून ऐकलं आणि मला म्हणाल्या, रडलीस ना गं एकदाची, बरं झालं.

मी म्हटलं, हो.

माझ्या हातात पोर रडते. माझ्याच हाताने गप्प होते.

२ डिसेंबर, सोमवार

आज जेवताना शेजारून आवाज आला. घेऊ का?

माझा आवाज. पहिला, सपाट व्हायच्या आधीचा. बोलण्याची ढब त्याची.

ताटात काही नव्हतं मला हवं असलेलं. तरी मी ताट झाकलं. पहिल्यांदाच. आवाज गप्प झाला. नाही म्हटलं तर तो घेत नाही. हे कळलं. बरं झालं कळलं.

पण मग तो आवाज झोळीकडे गेला. पाय ओढत. तिथेही विचारलं. घेऊ का?

बाळाला बोलता येत नाही. अजून.

५ डिसेंबर, गुरुवार

रविवारी अश्विनचं प्रथम पुण्यस्मरण. सनींनी घरच्या हॉलमध्येच कार्यक्रम करायचं ठरवलंय, भन्त्यांना बोलावलंय. आरोही म्हणते जलदान मी करणार, बाळाला मांडीवर घेऊन. पप्पांना नातवंड बघायचं होतं ना.

मनात काय असेल तिच्या? बाळाशिवाय दुसरं काय असणार. रात्रंदिवस दुसरं आहे काय तिच्या मनात.

सगळं सांगितलं तिला. तळवा, ठेचा, गुडघा, दगड. इदं म्हणजे हे. सगळं. पण आवाज माझा स्टेशनावरच्या बाईचा. बाळाला नेईल, असं मी म्हटलं, तेव्हा गाडी उशिरा येईल म्हटल्यासारखं निघालं. डोळ्यात पाणी नाही, हाताला कंप नाही. आरोहीने बाळाला उचलून छातीशी धरलं. मग सनींना म्हणाली, मम्मीला डॉक्टरांना दाखवू या.

ओरडायला हवं होतं. ओरडणं त्याच्याकडे आहे.

७ डिसेंबर, शनिवार

तांब्या लपवला. सनींनी शेजारून आणला.

ठरवलंय. पाणी मीच सोडणार. विधवेचा मान म्हणून मागून घेईन, नाही म्हणता येणार नाही कोणाला. आणि मनात एकच — मी. सविता. पायापासून डोक्यापर्यंत जे उरलंय ते सगळं. मग त्याला दुसरं काही मागायला नको. बाळाकडे बघायचं नाही. बाळाचं मनात आणायचं नाही. सविता, सविता, सविता —

आणलंच मनात. बाळ. म्हणजे उद्याही येईल.

तरी दुसरं काही सुचत नाही.

८ डिसेंबर, रविवार

आतल्या खोलीत बसलेय. बाहेर माणसं जमलीत. चपलांचा आवाज, अगरबत्ती. आरोही कबूल झाली. पाणी मी सोडेन, ती बाळाला घेऊन मागे बसेल. बरं. सगळं बरं चाललंय. भन्ते आले की मला हाक मारतील. तोवर लिहिते, म्हणजे मन कागदावर राहील, बाळावर जाणार नाही. पेन निळं. वहीला रेघा. खिडकीत कावळा.

त्रिसरण सुरू झालं. पंचशील. आता उठते —

मला कोणी हाक मारली नाही. पाण्याची धार ऐकू येते. कोण सोडतंय —

इदं मे ञातीनं — माझा आवाज. बाहेर माझा आवाज गाथा म्हणतोय, भरून आलेला, रडवेला. लोक म्हणत असतील, बघा, सविता शेवटी —

धार थांबली. साधु, साधु, साधु.

पाय ओढत कोणीतरी मागे गेलं. आरोहीकडे. घेऊ का, म्हणाला, माझ्या आवाजात, इतक्या मायेने की —

आरोही, नको म्हण. आरोही —

ती हसली. तिला वाटलं मम्मी माणसात आली. म्हणाली, घे की मम्मी, विचारतेस काय —

मी तर इथे